रावनेल मास्तरांची चाल

या, बसा त्या दोरांच्या वेटोळ्यावर. ऑपेराच्या मागच्या अंगाला याहून मऊ जागा नाही. आमच्या रावनेल मास्तरांची गोष्ट सांगतो. इतरांना विचाराल तर ते हसतील. मला हसायचं तोंड नाही, का ते कळेलच.

मी बास्त्यां, इथला दोरवाला. देवी ढगातून उतरते ना, तो ढग माझ्या हातात.

मास्तर दिजाँ गावचे, तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांनी शंभर वर्षं जुनं नाटक घेतलं, नवऱ्यानं टाकलेल्या राणीचं. आमच्याकडे तशी रीतच आहे. शब्द मेलेल्या कवीचे, त्यांना हात लावायचा नाही. चाल तेवढी नवी बांधायची. पण त्या राणीचं 'परत ये' हे गाणं जुन्या चालीत पॅरिसात कुणाला येत नाही? बायका पाळणा हलवताना तेच गातात. लहानपणी मीही त्याच्यावरच झोपलो.

"झोपलास ना? तेच तर!" मास्तर खवळायचे. "अरे, टाकलेली बाई ती, आतून पेटलीय! आणि तुम्ही तिच्या शब्दांवर पोरं निजवता?"

नऊ वर्षं त्यांनी त्या एका गाण्यावर घासली. तालमी सुरू झाल्या तसे रोज माझ्यापाशी यायचे.

"गा रे, बास्त्यां."

"मास्तर, मला सुरातलं काय कळतंय?"

"म्हणूनच गा. तुझ्या गळ्यात बसली तर गावाच्या गळ्यात बसेल."

सहा आठवडे गायलो. 'परत'वर चाल अशी उसळायची की माझा दम जायचा. एक दिवस बसली. मास्तरांनी आपल्या डब्यातलं अर्धं सॉसेज मला दिलं आणि तोंड फिरवून उभे राहिले.

पहिला प्रयोग. खाली उभं राहून बघणारे पाचशे गडी, हातात शब्दांची पुस्तिका, कुणाकडे छोटी मेणबत्ती. मास्तर माझ्या शेजारी, पडद्याआड. मी ढग वर धरलेला. आमची गायिका ओडिल राणी झालेली. तिनं गाणं उचललं. दोन ओळी अशा गेल्या की कुणी खोकलंसुद्धा नाही. मास्तरांनी माझी बाही घट्ट धरली.

आणि खालून एक म्हातारा गायला लागला. कुणी टोप्या विकणारा होता म्हणे. डोळे मिटलेले, जुनी चाल. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हो! शब्द समोर दिसले, जीभ घसरली. मग शेजारचा. मग सगळे पाचशे. वाजवणारे एकीकडे, गाव दुसरीकडे. ओडिलनं चौथ्या ओळीपर्यंत झुंज दिली, मग तीही जुन्या चालीवर गेली. तिलाही तिच्या आईनंच निजवलं होतं ना.

माझी बाही सुटली. वळून बघतो तर मास्तर माझ्या तोंडाकडे बघतायत. तेव्हा मला कळलं, मीही गातोय. जुनीच.

पडदा पडला. लोक रडत होते, टाळ्या थांबेनात. मॅनेजर धावत आले, "मास्तर, जिंकलंत! सगळं थिएटर रडलं!"

"कुणाच्या चालीवर?" मास्तर म्हणाले.

मॅनेजरांना ते ऐकूच आलं नाही. तिसऱ्या प्रयोगापासून त्या जागी त्यांनी जुनी चालच घातली. लोकांची मागणी, म्हणाले.

मी त्या पहिल्या रात्रीच पुढे झालो. "मास्तर, आपोआप हो... तोंड आपोआप..."

"चांगलं गातोस रे," ते म्हणाले. "अगदी गळ्यात बसलंय तुझ्या." कागद गोळा केले आणि गेले.

या थंडीत दिजाँला वारले. कागदांचं काय झालं, ठाऊक नाही. ओडिलला विचारलं, ती म्हणते आठवत नाही. म्हणजे आता ही चाल माझ्याच गळ्यात उरलीय.

गातो. सहाच ओळी आहेत. आवाज घोगरा आहे, तेवढा सोसा. फक्त एक करा माझ्यासाठी: शब्द ओळखीचे निघतील, ओठ हलायला लागतील, पण गाणं संपेपर्यंत तोंड मिटून ठेवा.