काचेच्या मैदानावरची चार मिनिटं

त्या सिनेमात एकशे सदतीस माणसं मरतात. कुणाची मान मोडते, कुणाच्या बरगड्या पिचतात, एका आडदांड सरदाराला तर नायक नुसत्या दोन बोटांनी आडवा करतो. आणि या सगळ्यांची हाडं वहिनींनी भाजीबाजारातून पिशवीत भरून आणली होती. मान म्हणजे गाजर. बरगड्या म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या सुक्या काटक्या. कवटी म्हणजे कोबीचा गड्डा, तोही आदल्या दिवशीचा. ताजा कोबी फार कुरकुरतो, कवटी अशी कुरकुरत नाही, असं पाऊलबुवांचं ठाम मत होतं.

"तुम्ही किती कवट्या फुटताना ऐकल्यात हो?" वहिनींनी विचारलं होतं.

"ऐकाव्या कशाला लागतात? कानाला कळतं."

पुढे दोन महिने घरात सकाळ-संध्याकाळ कोबीच शिजला. चार वर्षांची लेक जेवायला बसली की ताटात वाकून विचारायची, "आई, आज कोण मेलं?"

पाऊलबुवा म्हणजे वहिनींचे यजमान. सिनेमातल्या माणसांची पावलं वाजवायची, हे त्यांचं काम, म्हणून स्टुडिओतल्या लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं, त्यांच्या बायकोला वहिनी, आणि दोन्ही नावं चिकटली. पडद्यावर माणूस चालू लागला की बुवा तळघरात त्याच्याबरोबर चालू लागायचे. त्यांच्याकडे बुटांचे बेचाळीस जोड होते, सगळे दुसऱ्यांनी वापरून टाकलेले. नवा बूट खोटं बोलतो म्हणायचे. जाडा माणूस टाचेवर येतो, चोर चवड्यावर येतो, आणि ज्याचं कुणी नुकतंच गेलंय तो पाऊल टाकतो पण उचलायला विसरतो, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. वहिनी काचेपलीकडे कानांना हेडफोन लावून बसायच्या आणि टेपचं यंत्र सांभाळायच्या.

तो सिनेमा हाताने काढलेल्या चित्रांचा होता, पण लहान मुलांचा मुळीच नव्हे. जग जळून गेलंय, समुद्र आटलेत, पाण्याच्या एका विहिरीसाठी टोळ्या एकमेकांची मुंडकी उडवताहेत, आणि त्यातून एक मुका योद्धा रिकाम्या हातांनी वाट काढत निघालाय. दूरदेशाहून चित्रांचे डबे आले, आवाजाचे आलेच नाहीत. बोलणाऱ्यांनी वरच्या मजल्यावर बोलून घेतलं. उरलेलं सगळं, म्हणजे वारा, ठोसे, रक्त आणि पावलं, तळघरातल्या या दोघांच्या वाट्याला आलं. वहिनींनी आयुष्यात जाणूनबुजून मुंगी मारली नव्हती. रोज सकाळी कामाला निघण्याआधी त्या देवापुढे हात जोडायच्या आणि सांगून टाकायच्या, आज जे मरणार आहेत ते सगळे भाजीचे आहेत, तुला ठाऊक आहेच.

त्यांचा आणखी एक नेम होता. तोंडातून खोटा शब्द जाऊ द्यायचा नाही. लग्नाआधीपासूनचा नेम, आणि तो मोडला असं एकदाही झालं नव्हतं.

चौतीस वर्षांनी कुणाला तरी त्या सिनेमाची आठवण झाली. जुनी रिळं सापडली, ती धुऊन-पुसून नीट करायचं ठरलं आणि आवाज दुरुस्त करणाऱ्या एका मुलीने शोधत शोधत वहिनींचा पत्ता काढला. रविवारी सकाळी पुन्हा खेळ होणार होता. काका-काकूंना पुढच्या रांगेत बसवायचं, असा त्या मुलीचा बेत. बुवांना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, उजवा पाय गेल्यातच जमा होता, पण खेळाचं ऐकून त्यांच्या तोंडावर असं तेज आलं की वहिनींनाच धास्ती वाटली.

बुधवारी त्या एकट्याच त्या मुलीच्या खोलीवर गेल्या. खोलीत ना वाळूची परात, ना बुटांची पेटी. एक टेबल, दोन पडदे आणि खिडकीत एक कुंडी. मुलीने सातवं रीळ लावलं. नायकाचा गुरू मरतो. नायक त्याच्यावर दगड रचतो, आपले बूट काढून त्या राशीवर ठेवतो आणि काचेच्या मैदानाकडे वळतो. जळताना एक अख्खं शहर वितळून तिथे काच झालेलं असतं. पलीकडे शत्रूचा किल्ला. नायक अनवाणी निघतो. आणि स्वच्छ, खणखणीत आवाज येतो: खाड, खाड, खाड.

मुलीने चित्र थांबवलं. "काकू, एक विचारू? राग नका मानू. आत्ताच याने बूट काढून ठेवले ना? मग हे कुणाचे वाजताहेत?"

वहिनींनी नजर खिडकीतल्या कुंडीकडे वळवली.

"आमच्यातला एक जण म्हणतो, यात अर्थ आहे, गुरू त्याच्याबरोबर चालतोय. मला विचाराल तर गडबड झालीय. जुन्या कॅसेटींवर नुसता वारा ऐकू यायचा म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्याकडे तयार अनवाणी पावलं आहेत, हजारभर. शनिवारपर्यंत सांगा, बदलून टाकते. कुणाला पत्ताही लागणार नाही."

वहिनी घरी आल्या तेव्हा व्यायाम करून घेणारी मुलगी बुवांचा गुडघा वाकवत होती आणि बुवा तिला तळपायांवरच्या जुन्या खुणा दाखवत होते.

"ही बघ. आणि ही. काच! चार मिनिटं, एका दमात. काचांवर तरट अंथरलं होतं, ते दुसऱ्याच मिनिटाला फाटलं. पण थांबलो का? थांबलो असतो तर चाल तुटली असती."

"काका, तोंड पुरे, आता गुडघा हलवा."

"रविवारी ऐकशील तू. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली चार मिनिटं आहेत ती."

वहिनी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी मांडत राहिल्या.

कारण ती चार मिनिटं सिनेमात नव्हतीच. कुठेच नव्हती. त्या काळच्या यंत्राला दोन कळा एकदम दाबाव्या लागत. एकच दाबली तर टेप फिरायची, हेडफोनमध्ये सगळं ऐकू यायचं, पण उमटत काही नसे. त्या दिवशी वहिनींच्या हातून एकच कळ दाबली गेली. बुवा शेवटचं पाऊल टाकून खाली बसले, तळव्यांतून रक्त वाहत होतं, आणि त्यांनी हसून विचारलं होतं, "कसं झालं?" वहिनी म्हणाल्या होत्या, "याहून चांगलं होऊच शकत नाही." ते खरंच होतं. मग त्यांनी बुवांना दवाखान्यात पाठवलं आणि टेप मागे फिरवून पाहिली. कोरी. रीळ दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. बुवा महिनाभर पाय टेकवू शकणार नव्हते. वहिनींनी दुसऱ्या रिळातली बुटांची पावलं कापली, जोडली, वर वारा चढवला आणि रीळ देऊन टाकलं. सिनेमा नऊ दिवस चालला. फार मारामारी म्हणून आईबापांनी ओरड केली, तो उतरला, आणि बुवा ते नऊही दिवस तापाने अंथरुणावर होते. पुढे कधीतरी शेजारच्यांकडे कॅसेट पाहिली, तेव्हा एवढंच म्हणाले, "वारा जरा जास्त झालाय." वहिनी गप्प बसल्या. कुणी विचारलं नाही ते न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असा करार त्यांनी देवाशी केला होता. देवाने तो मान्य केला की नाही, हे मात्र कधी कळलं नाही.

आता शनिवारपर्यंत नुसतं हो म्हटलं की काम भागत होतं. तयार पावलं तिथे बसली असती. बुवा रविवारी ऐकून खूश झाले असते. पण दुसऱ्या कुणाची पावलं त्यांच्या कानात घालायची आणि ती तुमचीच म्हणून समोर बसून हसायचं? गुरुवारी सकाळी देवापुढे बसल्या तर रोजचे शब्द अर्ध्यावरच अडले.

शुक्रवारी त्यांनी कोमट पाण्याची परात आणली, बुवांचे पाय त्यात ठेवले आणि नखं कापायला घेतली. डाव्या पायाची झाली तेव्हा म्हणाल्या, "अहो, तुमची ती चार मिनिटं सिनेमात नाहीत."

"कापली की काय? ह्या नवीन पोरांना काही—"

"त्यांनी नाही. तेव्हाच नव्हती. माझ्याकडून एकच कळ दाबली गेली. कानात सगळं येत होतं, लाल दिवा लागलाय का, ते मी पाहिलंच नाही."

"मग पाहत काय होतीस?"

"तुमचे पाय."

बुवा परातीतल्या आपल्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिथे वाजतंय काय?"

"बूट. दुसऱ्या रिळातले."

"अनवाणी माणसाला बूट!" त्यांनी डावा पाय हिसका देऊन काढून घेतला, पाणी फरशीभर झालं. "मला का नाही सांगितलंस? मी पुन्हा चाललो असतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"चौतीस वर्षं मी लोकांना पाय दाखवत हिंडलो! येणाऱ्या-जाणाऱ्याला! आणि तू चहा देत बाजूला उभी! तुझा नेम ना? खोटं बोलायचं नाही. नुसतं गप्प बसायचं!"

वहिनी फडकं घेऊन खाली बसल्या. त्यांनी फरशी पुसली. उजव्या पायाची नखं तशीच राहिली.

त्या दिवशी बुवा त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. जेवताना भिंतीला उद्देशून म्हणाले, "आमटीत मीठ नाही, हे कुणीतरी कुणाला तरी सांगा." वहिनींनी मीठ पुढे सरकवलं. लेकीचा फोन आला तेव्हा तिला म्हणाले, "आईला विचार, तिला सगळं ठाऊक असतं." रविवारी आपण जाणार नाही, असंही तिलाच सांगितलं.

आणि शनिवारी सकाळी आंघोळ करून, भांग पाडून खुर्चीत तयार बसले. "मला ऐकायचंय," भिंतीला सांगितलं.

आवाजवाल्या मुलीच्या इमारतीत चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा तिने आणि पहारेकऱ्याने बुवांना उचलून वर नेलं. मुलीला काय झालंय ते ठाऊक नव्हतं. तिने उत्साहाने सातवं रीळ लावलं. वहिनी दाराजवळच्या स्टुलावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून.

खाड, खाड, खाड.

बुवांनी डोळे मिटले. चेहरा दगडासारखा. मैदान सरत होतं, नायक चालत होता. थोड्या वेळाने बुवांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर पडू लागला. एक पाऊल, एक थाप. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरणारा छत्तिशीतला माणूस वहिनींना दिसला, कुणाच्या तरी फाटक्या बुटांत पाय कोंबून ओरडणारा, "वहिनीसाहेब, झालात का तयार?" कामावर तेही त्यांना वहिनीच म्हणायचे, चेष्टेने. ते कधी थांबलं, ते वहिनींना आठवेना.

एकदम बुवांच्या कपाळाला आठी पडली. "थांबव. मागे घे. हं, इथून."

मुलीने पुन्हा लावलं.

"दोन डावी!" बुवा गरजले. "एकामागे एक दोन डावी पावलं! एकट्याने शंभर जणांना लोळवतो, आणि चालताना लंगडी घालतो? हे जोडलंय कुणी?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "डोळ्यांतून पाणी येत होतं. नीट दिसत नव्हतं."

"रडायचं ते कात्री खाली ठेवून रडावं माणसाने!"

दिवसभरानंतर त्यांनी वहिनींकडे बघून बोललेलं हे पहिलंच वाक्य. वहिनींना हसू आलं आणि ते दाबायला त्यांना तोंडाशी रुमाल धरावा लागला. बुवांनी ते पाहिलं. त्यांचीही मिशी हलली.

मुलगी गोंधळून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. "काका, मग अनवाणी पावलंच घालू ना? माझ्याकडे तयार—"

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे... माहीत नाही. असतात मशीनमध्ये."

"ज्याचा चेहरा पाहिला नाही, त्याच्या पायांनी मी कसा चालू?" बुवांनी उजव्या मांडीवर हात ठेवला. "हे माझेच पाय आहेत. दोन्ही सारखे पडताहेत, ऐकलंस ना? राहू देत बूट. तेवढं एक डावं काढ."

"पण उद्या कुणी विचारलं तर?"

"मी सांगेन. चूक झाली म्हणून." ते थांबले. "म्हणेन, यंत्रावर बसली होती तिचं लक्ष भलतीकडेच होतं."

मुलीने एक डावं पाऊल उचललं, दोन बाजू जवळ आणल्या. बुवांनी चार वेळा नकार दिला. अजून जवळ, नाही, फार झालं, आता घाई होतेय त्याला, घाईने चालला तर किल्ल्यावरचे बघतील ना. पाचव्यांदा मान डोलावली. मग म्हणाले, "आता पहिल्यापासून लाव. मध्ये कुणी बोलू नका."

नायकाने दगडांवर बूट ठेवले आणि बुटांसकट तो मैदानात उतरला. बुवांची थाप त्याच्याबरोबर निघाली. वहिनींनी स्टूल खुर्चीला टेकवून घेतलं. चार मिनिटं खोलीत दुसरा आवाज नव्हता. किल्ल्याच्या दारापाशी नायक थांबला तशी दांड्यावरची थापही थांबली.

"पोचलो," बुवा म्हणाले आणि डोळे उघडले. "अगं, इथे चहाबिहा मिळतो का, विचार जरा तिला."