आठव्या खुणेवर

तंबोरे दुरुस्त करणाऱ्या मुख्तारभाईंनी तंबोऱ्याच्या घोडीवरून कानस उचलली आणि फुंकर मारली. हाडाची पांढरी भुकटी पुंडलिकनगरच्या त्या छोट्या बैठकीत उडाली.

"बाई, अब नक्को. इसके नीचू लकडीच है."

"हात जड झालाय तुमचा," द्वारकाबाई फणकारल्या. "अजून मुकाच आहे हा. घासा आणखी."

घोडी घासून तारेखाली बारीक उतार दिला, की सूर झणझणतो. वर्षभर हेच चाललं होतं. त्यांचे यजमान बद्रीनाथ सर दारात उभे होते. त्यांना तर तंबोरा स्वच्छ ऐकू येत होता. काल अजरा, बाईंची उरलेली एकुलती शिष्या, अगदी सुरात गात होती. तिला बाईंनी बेसूर म्हणून रडवलं. तेव्हाच सरांना शंका आली होती.

"चहा घ्या आधी, मुख्तारभाई," ते म्हणाले आणि कपाटातून कागदी पट्टी काढून तंबोऱ्यापाशी बसले. तारेचा निम्मा, तिसरा, चौथा असे दहाव्यापर्यंतचे हिस्से दाखवणाऱ्या खुणा होत्या तिच्यावर. शाळेत अपूर्णांक शिकवताना ते मुलांना हे ऐकवत.

"अहो, मी काय सातवीत आहे?"

"नुसतं ऐक गं."

निम्म्यावर बोट टेकवून त्यांनी तार छेडली. वरचा सा. तिसऱ्या हिश्श्यावर पंचम, चौथ्यावर पुन्हा सा, पाचव्यावर गंधार. भाग लहान होईल तसा सूर चढत गेला. द्वारकाबाई प्रत्येकाचं नाव सांगत होत्या, जरा हसतही होत्या. आठव्या खुणेवर बारीक, काचेसारखा सूर निघाला. मुख्तारभाईंची मान आपोआप डोलली.

"वाजवा की," द्वारकाबाई म्हणाल्या.

सरांनी पुन्हा छेडली. त्या नवऱ्याच्या बोटाकडे बघत राहिल्या, मग मुख्तारभाईंकडे. त्यांनी नजर कपात घातली होती.

"वाजली व्हय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"वाजली."

बराच वेळ त्या घोडीवरची भुकटी पदरानं पुसत होत्या.

"पोरांना सांगता ना तुम्ही, एक, अर्धा, एक तृतीयांश, अशी बेरीज करत गेलं तर ती कुठंच थांबत नाही म्हणून?"

"नाही थांबत."

"मग थांबलात का?"

सर नवव्या खुणेवर गेले, मग दहाव्या. द्वारकाबाई भोपळ्यावर तळहात टेकवून बसल्या होत्या. बाहेर अजरा चपला काढत होती.

"तिला म्हणावं, कालचा सूर बरोबर होता तुझा," त्या हळूच म्हणाल्या. "आणि उद्यापासून येऊ नको."