मान हलवू नका

झाकण अजून फरशीवर गरगरत होतं—स्टीलच्या डब्याचं, कडेवर कलंडत, थरथरत—आणि त्याचा तो दात शिवशिवणारा आवाज संपेपर्यंत ती श्वास रोखून लेकीच्या, ठमीच्या पाठीकडे बघत राहिली. अडीच वर्षांची पाठ. हललीच नाही. ठमी ठोकळ्यावर ठोकळा ठेवत होती.

"मुद्दाम पाडलंस ना?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "अगं, खेळात रमलीय पोर. तुझा नवरा तीन वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडत नव्हता. आता बंद करत नाही."

एरवी ती हसली असती. आणि शिलाईचं मशीन सुरू केलं की ठमी धावत येतेच की, टेबलावर दोन्ही तळवे टेकून उभी राहते, म्हणजे ऐकू येतंच... तळवे. टेबलाची थरथर. इतके दिवस हे आपल्याला दिसलं कसं नाही?

तिने ठमीला उचललं. नवरा सकाळी कामावर जाताना म्हणाला होता, "उगाच काहीतरी खूळ डोक्यात घेऊ नकोस." घेतलं होतं.

दवाखान्यातल्या कान तपासायच्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं. आत पाऊल टाकताच बाहेरचं जग कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं.

"मांडीवर घ्या," तपासणारी बाई म्हणाली. "आवाजाकडे वळली की त्या पेटीतलं खेळण्यातलं माकड टाळ्या वाजवेल. तुम्ही मात्र मानसुद्धा हलवू नका."

बाई काचेपलीकडे गेली. डावीकडून बारीक शीळ आली. तिला ऐकू आली. मोठी झाली, आणखी मोठी—वळ ना बाळा, वळ—ठमीने मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग अचूक डावीकडे. वळली! पण माकड गप्पच.

"ताई, तुम्ही डोळे फिरवलेत."

मी? मी फिरवले?

पुन्हा. आता तिने डोळे मिटून घेतले. त्या अंधारात शीळ वाढत गेली, कानात घुसली, छातीवर आदळायला लागली, आणि मांडीवरचं ऊबदार ओझं तसंच, स्वस्थ... मग एकदम दचकलं. माकडाने टाळ्या वाजवल्या.

"खूपच मोठे आवाज तेवढे पोचतात. बोलणं नाही पोचत," बाई शेजारी येऊन बसली. "झोपेत आणखी एक तपासणी करू, मग नक्की सांगता येईल. बहुतेक दोन्ही कानांना यंत्रं लागतील, आणि बोलणं रोज शिकवावं लागेल. आता लगेच सुरू करायला हवं."

"पण हाक मारली की बघते हो कधी कधी..."

"तुम्हाला बघून बघते. हुशार आहे."

बाहेरच्या बाकावर ठमी तिच्या मांडीवर, तोंडासमोर तोंड. ते डोळे तिच्या ओठांवर खिळलेले. म्हणजे दिवसभर हेच चाललेलं असतं—कुणाच्या भुवया चढल्या, कुणाची सावली हलली, कोण उठलं—एवढीशी पोर, एकटी, कुणी न सांगता... आणि मला वाटत होतं, लक्ष मी ठेवते. भीती गेली नव्हती. फक्त आता ती लेकीला काय येत नाही याची उरली नव्हती. हिच्याइतकं बारीक बघणं आपल्याला जमेल का, याची होती. काहीतरी बोलायला तिने ओठ उघडले, आणि ते डोळे वाट बघत राहिले...