मांजरीचा कोपरा

तानुबाईइतकी घायकुती बाई साऱ्या सोनगीरमध्ये नव्हती. तव्यावरची भाकर भाजेपर्यंत तिला दम निघत नसे, आणि घरच्यांनी जन्मभर कच्च्या भाकरी मुकाट्याने गिळल्या. म्हणून मानमोडीच्या साथीत तापाने पडलेला तिचा लेक छगन शेवटचं जे बोलला, ते आपल्यालाच टोचून बोलला असं तिला वाटलं.

"माय, मांजरले घाईना घरमा देऊ नको. धीर धरी आसा मानूस देख."

ती मांजर त्यानेच आणली होती. कपाशीची गाडी घेऊन तो धरणगावच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, गेला, तेव्हा कापसाच्या गंजीखाली दबलेलं पिल्लू त्याने ओढून काढलं. माणसाचा हात दिसला की ते तेव्हापासून कणगीमागे दडून बसे. छगन मात्र जेवण झालं की जमिनीवर उताणा पडून आढ्याकडे बघत राही, आणि मांजर आपण होऊन त्याच्या पोटाशी येई. तानुबाई म्हणे, बाप्या माणसाचं असं लोळणं बरं दिसत नाही.

छगन गेला. तानुबाईला रडू आलं नाही. गावात रोज कुणी ना कुणी जात होतं, रडायलाही बायका पुरत नव्हत्या. ही बाई दगडाची आहे, असं लोक म्हणाले, आणि तिलाही ते पटलं. सून प्रमिला रीतीप्रमाणे कोपऱ्यात बसली. सव्वा महिना तिने तिथून उठायचं नव्हतं. पदर पुढे ओढून, भिंतीला टेकून, समोर ठेवतील ते चार घास खायचे. आईला मात्र कोपरा नसतो. तानुबाई दळत होती, पाणी भरत होती, कापूस वेचायला जात होती. हात चालत होते, बाकी आत सगळं बधिर होतं.

लेकाचा शब्द तेवढा पाळायचा राहिला होता. आपलं घर धीराचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती दुसरं घर शोधू लागली. मांजरीला पोत्यात घालून ते पोतं गरगर फिरवायचं, म्हणजे ती वाट विसरते, ही तिकडची जुनी पद्धत. तानुबाईने तेच केलं आणि मांजर पलीकडच्या आळीतल्या कुंदाबाईकडे नेऊन दिली. कुंदाबाईला उंदरांसाठी मांजर हवीच होती. सवय व्हावी म्हणून तिने ती कोंबड्यांच्या डाल्याखाली कोंडली. मांजरीने दुधाला तोंड लावलं नाही, तेव्हा कुंदाबाईनेच ती परत आणून दिली. मग किराणावाल्या रुपचंदने मागितली. पुन्हा पोतं, पुन्हा गरगर. त्याने तिच्या गळ्यात घुंगरू बांधून तिला खांबाला अडकवलं. दोरी कुरतडून ती घरी आली आणि थेट कणगीमागे शिरली, ती बाहेरच येईना. तानुबाईने वाटी आत सरकवली, बोलावलं, शेवटी काठीने ढोसलं. असं चाललं तर ही मरेल आणि छगनचा शब्दही जाईल, हे तिला दिसत होतं. तरी वाईट काही वाटत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

एका दुपारी ती शेतातून लवकर परतली. दारातच थबकली. मांजर कोपऱ्यात, प्रमिलाच्या मांडीला टेकून झोपली होती. घुंगरू सोडून बाजूला ठेवलेलं होतं.

"काय करं वं तू?" तानुबाईने हळूच विचारलं.

"काहीच नही, आत्या. मी निस्ती बठेल शे." खरंच, ती नुसती बसली होती.

सव्वा महिना सरला. धुळ्याहून प्रमिलाचा भाऊ अभिमन तिला कोपऱ्यातून उठवून माहेरी न्यायला आला. मांजर तिच्याबरोबर जाणार हे तानुबाईने गृहीतच धरलं होतं. पोतंही झटकून ठेवलं होतं. प्रमिलाने ते पोतं घडी करून परत दिलं. माहेरी दोन खोल्यांत दहा माणसं, तिथे ती घाबरून मरेल, असं तिने सांगितलं. निघताना तिने सासूचे पाय धरले आणि खालमानेनेच कोपऱ्याकडे बोट करून विचारलं, "तुम्ही बठशात ना?"

गाडी वेशीबाहेर गेली. मोकळा कोपरा हुंगून मांजर कणगीमागे गेली होती.

त्या दिवशी तानुबाई शेतावर गेली नाही. सुनेने जिथे पाठ टेकली होती, त्याच भिंतीला ती टेकली. आईने कोपऱ्यात बसायची रीत नाही, बायका हसतील, हे तिला माहीत होतं. चुलीवर डाळ करपल्याचा वास आला. ती उठली नाही. बाहेरून कुंदाबाईने हाका मारल्या. तिने ओ दिली नाही. बसल्या बसल्या तिची नजर आढ्याकडे गेली. छगन इथूनच काय बघत असे कोण जाणे. नुसती लाकडं होती, आणि एक कोळिष्टक. जन्मात पहिल्यांदाच ती काहीही न करता बसली होती, आणि बसल्यावर तिला कळलं की लेक मेला आहे.

ऊन कलता कलता कणगीमागून मांजर निघाली. थांबली, परत फिरली, पुन्हा आली. शेवटी तिने तानुबाईच्या गुडघ्याला पाठ टेकवली. तानुबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून लुगड्यावर पडत होतं. पदर हाताशीच होता. मांजर दचकेल म्हणून तिने हात उचलला नाही.