शेजाऱ्याला विचारणारा डोळा

न विचारता ठेवलंय. माझ्या टेबलावर, माझ्या तपासायच्या बटणांच्या ताटाला खेटून — तळहाताएवढी हिरवी पट्टी, वर मुंगीच्या अंड्यांएवढे दाणे, कडेला एक मिणमिणता दिवा... नात शिकून आली, पण रीत म्हणून नाही. चाळीस वर्षं तडकलेलं बटण हेरायचं ते या खुर्चीतून, या म्हातारीनंच. आणि आता ही पोर तिला हा यंत्राचा डोळा आणून देते, जणू तिचे दोन संपलेत. (सकाळी खिडकीत धुकं दिसलं होतं. ते खिडकीबाहेर नव्हतं. पण हे कुणाला सांगायचं नाही.)

"यात कॉम्प्युटर नाही, आजी. नुसती वीज. प्रत्येक ठिपका शेजारच्या चौघांना विचारतो, तुमच्यावर उजेड किती? स्वतःचा वेगळा निघाला, तरच बोंबलतो."

"मग आपल्या घरात नाही टिकायचा. इथे कुणी विचारत नाही, नुसतं बोंबलतात."

हसली मेली. म्हातारी मुद्दाम खिडकीत जाऊन उभी राहिली, सगळ्या पट्टीवर सावली पाडली — बघू तुझा डोळा! दिवा गप्प. उजेड सगळ्यांचाच सारखा कमी झाला, मग ओरडायचं कशाला... आणि हे तर तिचंच! बटण एकटं कधी बघू नये, दोन चांगल्यांच्या मधे ठेवून बघावं — नात चार वर्षांची असताना मांडीवर घेऊन शिकवलेलं. कार्टीनं ते तारांत ओतलं.

मग नातीनं सकाळी पास झालेली बटणं एकेक करून पट्टीवरून सरकवली. सातव्याला दिवा लाल.

म्हातारीनं ते डोळ्यांशी धरलं. काही नाही. धुकं. नख फिरवलं — अडकलं. केसाएवढा तडा. मीच पास केलं होतं हे... नात खिडकीकडे बघत होती, उगीचच. म्हणजे पोरीला ठाऊक होतं. कधीपासून? आता आत काहीतरी ढासळायला हवं होतं, ढासळलं नाही. उलट भरलेली घागर खाली ठेवल्यावर खांदा हलका होतो, तसं काहीसं — चाळीस वर्षं एकटीनं बघत आले, शेजारी विचारायला कुणी नव्हतं...

"न विचारता ठेवलंस, ते चुकलंच तुझं," ती नातीला म्हणाली. "आणि त्याला डोळा असेल, नख नाही, नख अजून माझंच. समोरून उचल ते. इकडे ठेव, माझ्या उजव्या हाताला. शेजारी लागतो ना त्याला?"