शेवटची दोन मिनिटं

ताईच्या नृत्याबद्दल मी लिहावं की नाही, अजून ठरत नाही. माझं आयुष्य ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवण्यात गेलं. पण ते नृत्य बसत होतं तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत कॅसेटची सैल पडलेली फीत पेन्सिलीने गुंडाळून द्यायचो, तो मीच. किती सुखाचे दिवस होते ते!

देश या विषयावरचं एकटीचं नृत्य. साधा सुती झगा, अनवाणी पाय. शेवटची दोन मिनिटं ती रंगमंचावर आडवी होऊन एकेका फळीवरून हात फिरवायची. पहिल्या प्रयोगाला त्या दोन मिनिटांआधीचा बिगुल वाजला आणि राष्ट्रगीतच लागलं असं वाटून पुढच्या रांगेतले एक निवृत्त सुभेदार ताडकन उठले. त्यांच्यामागे सगळं सभागृह उठलं.

पहिल्या रांगेतल्या समीक्षकाने लिहिलं, ‘शेवट काळजाला भिडतो.’ मधल्या रांगेतल्याने लिहिलं, ‘प्रेक्षकांना उभं करण्याची सवंग युक्ती, नर्तिका तर शेवटी गायबच.’ ताईला दुसरं तेवढं पाठ झालं. पुढे तिने तो शेवट कधी केला नाही.

आता तिच्या एका विद्यार्थिनीला ते नृत्य करायचंय. ताईने मला बोलावून घेतलं.

“शेवट ठेवू की गाळू? तू तेव्हा छान म्हणाला होतास.”

“ताई, मला काही दिसलंच नव्हतं. मीही उभा राहिलो होतो. समोर एका गृहस्थांची पाठ होती.”

“आणि हे चाळीस वर्षांनी सांगतोयस?”

“धीर झाला नाही.”

“पुस्तकातला किडा तो किडाच! अरे, त्या मधल्या रांगेतल्याला मी जन्मभर शिव्या घातल्या. त्यालाही पाठच दिसली असणार.” तिने समोरच्या फरशीकडे पाहिलं. मग म्हणाली, “हो आडवा.”

“मी?”

“माझे गुडघे गेलेत. मग काय शेजाऱ्यांना बोलावू?”

मी फरशीवर आडवा झालो.

“सावकाश. पोतं टाकल्यासारखा नको. हात पुढे ने. अजून. आता थांब.”

ती दाराजवळ खुर्ची घेऊन बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. असं स्वतःला समोरून तिने कधी पाहिलं नव्हतं. मी श्वासही जपून घेत होतो.

मग तिने विद्यार्थिनीला फोन लावला. “हं, मी बोलतेय. शेवट ठेवायचा. बिगुल काढून टाक.”

बोलणं लांबत गेलं. मी खालीच पडून होतो.