लेस्टरची गुप्त जागा

आमच्या वाळूच्या खुरट्या रानात कुणाचं वय विचारलेलं चालतं. फुलं कुठून आणली हे विचारलेलं चालत नाही. सप्टेंबरात गावच्या हॉलमध्ये रानफुलांचं प्रदर्शन भरतं. चिठ्ठीवर फुलाचं नाव लिहायचं, आणणाऱ्याचं लिहायचं, जागेचं नाही. जागा घरातच राहते आणि लग्न करून येणाऱ्यालाच दाखवतात.

माझा दीर लेस्टर हॅडो याच्याकडे पिवळ्या घंटेच्या फुलांची जागा होती. गुडघाभर झुडूप, खोडाला चिकटलेली जाड बारीक पानं, आणि टोकाला असा पिवळाधमक झुबका की उन्हात बघणाऱ्यानं डोळे बारीक करावेत. कुंडीत लावलं की मरतं, बी पेरलं की रुसून बसतं. लेस्टर दर वर्षी एकच फांदी बरणीत घालून आणायचा आणि तिच्याशेजारी राज्याभिषेक झाल्यासारखा उभा राहायचा. बाकी मिरवण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. मेंढ्या होत्या, पण मेंढ्या सगळ्यांकडेच असतात.

त्यानं प्रदर्शनाच्या सेक्रेटरीला, नोरीन बॅक्सबीला, जागा बघायला बोलावलं, तेव्हा खाटकानं तिचं आधीच अभिनंदन करून टाकलं. नोरीन विधवा, मीही विधवा. लेस्टरला एकट्यानं तिला न्यायचा धीर नव्हता, म्हणून पिकअपमध्ये दोघांच्या मधे मला बसवलं.

"व्हेरा, तू काही बोलू नकोस," त्यानं निघण्यापूर्वी बजावलं.

"मी कधी बोलते?"

जागा आमच्याच शेताच्या मागे, सरळ कुंपणाच्या कडेनं गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं अशी. पण लेस्टरनं नोरीनला चकवायला उलटी वाट धरली. दाराशी बसेल त्यानं फाटक उघडायचं, ही आमची रीत. नोरीन बिचारी उतरायची, उघडायची, लावायची, चढायची. एक फाटक तर आम्ही दोन्ही बाजूंनी ओलांडलं.

"तुझं शेत फार वाढलंय, लेस्टर," ती म्हणाली.

"वाळू आहे. पसरते."

शेवटी त्या पसरलेल्या वाळूनंच मागची चाकं गिळली. लेस्टर जितका रेटा देई तितकी गाडी खाली बसे.

"टायरची हवा काढ," नोरीन म्हणाली.

"पंप घरी आहे. नंतर भरायची कशी?"

"नंतरचं नंतर. उतर बघू."

तिनं काडेपेटीतली काडी घेतली, ती व्हॉल्व्हमध्ये दाबून चारी टायर चपटे केले आणि त्याला बाजूला सारून स्वतः चालवायला बसली. चपट्या चाकांनी वाळू धरली आणि गाडी कासवासारखी निघाली. नोरीननं मोडक्या टाकीपाशी डावीकडे वळवली, कुंपणाची पडकी तार अचूक चुकवली, आणि थेट पिवळ्या झुबक्यांसमोर नेऊन थांबवली.

मग तिच्या लक्षात आलं, आपल्याला हे ठाऊक नसायला हवं होतं.

मी काचेवरची मेलेली माशी निरखत बसले.

"तुला... कसं?" लेस्टर म्हणाला.

"वाळूत तुझ्या चाकांच्या खुणा उमटतात रे. दर सप्टेंबरला."

"आणखी कुणाला माहितेय?"

"पाद्रीबाबांना."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"पोस्टमननं."

"म्हणजे गावाला!"

"गावाला नाही. जिम खाटकाच्या सासूला अजून कुणी सांगितलेलं नाही, ती बडबडी आहे."

लेस्टर उतरला आणि झुडपांमध्ये पाठ करून उभा राहिला. इतकी वर्षं सगळ्यांनी त्याचं मन राखलं, आज मात्र तो पार उघडा पडला होता. तिला विचारायचं होतं ते त्याच्या घशातच राहणार, असं मला वाटलं.

मग तो वळला. "सगळं माहीत होतं, मग मुकाट्यानं फाटकं कशाला उघडत होतीस?"

"तू बोलावलंस म्हणून," नोरीन म्हणाली. "आजवर चोरून यायचे. चोरून आलं की सारखी मान वळवायची. इथं मी एकदाही बसलेली नाही."

आणि ती चांगल्या स्कर्टसकट वाळूत बसली. लेस्टरही बसला, मधे एक झुडूप ठेवून.

"माझ्याकडे दाखवायला दुसरं काही नाही," तो पुटपुटला.

"तोंड आहे ना? विचार."

मी मुद्दाम थर्मासचं झाकण खडखडवलं. त्यानं काय विचारलं ते वाऱ्यानं नेलं. नोरीननं मात्र हाक मारली ती साऱ्या रानाला ऐकू जावी अशी.

"व्हेरा, हा घोरतो का गं?"

लेस्टरनं माझ्याकडे असं पाहिलं, की कातरणीखालची मेंढी बरी. नवरा गेल्यापासून मी त्याच्याच घरात राहते. मधली भिंत पत्र्याची आहे.

"आमच्याकडे वारा फार," मी म्हटलं. "नीट ऐकू येत नाही."

"म्हणजे घोरतो," नोरीन म्हणाली. स्कर्टवरची वाळू झटकत तिनं थोडा विचार केला. "चालेल."